अकरा नामांची जागल

तुळसाबाईच्या नवऱ्याचे घोरणे थांबले, की तिच्या हातातली सुई थांबे.

परळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, सकाळी नवापासून दुपारी तीनपर्यंत हे चाले. बुधाजी गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या साच्यांवर, रातपाळी करून येई, अंघोळ करी, भाकरी खाई आणि भिंतीलगतच्या गोधडीवर आडवा होई. तुळसाबाई त्याच्या पायाशी बसे. मांडीवर चाळीतल्या कुणाची तरी शिवायला आलेली गोधडी, बोटांत सुई, आणि कान नवऱ्याच्या श्वासावर. घोरणे सुरू होई. आधी हलके, मग खरखरीत, मग असे की फळीवरची ताटे थरथरावीत. गॅलरीतून जाणारा कुणीतरी दारात डोके घालून म्हणे, "वहिनी, बुधाजीनं साचा घरी आणलाय काय? मालकाला कळवू?" तुळसाबाई म्हणे, "कळवा. दोन साच्यांचं काम एका पगारात करतोय, तेही सांगा." हसण्यात ती कुणाला हार जात नसे. घोरण्याला ती भीतच नव्हती. तिची भीती होती ती घोरणे थांबण्याची.

आणि ते थांबेच. छाती वर उचलली जाई, पोट आत ओढले जाई, पण नाकातोंडातून वारा म्हणून फिरत नसे. जणू गळ्याच्या आत कुणी दार लोटून कडी घातली आहे. बुधाजीच्या ओठांवर काळसर छाया येई. त्या क्षणी तुळसाबाईचे ओठ हलू लागत. विठ्ठल, एक. विठ्ठल, दोन. विठ्ठल, तीन. सातव्या-आठव्या नामाला बहुधा एक हिसका बसे, गळा मोकळा होई आणि घोरणे पुन्हा सुरू होई. पण एखादे दिवशी नऊ होत, दहा होत, अकरा होत. अकरावे नाम संपले, की ती नवऱ्याच्या उजव्या पायाचा अंगठा धरून खसकन ओढी. बुधाजी दचकून श्वास घेई, कूस बदले, आणि काही झालेच नाही असा परत झोपी जाई. तिच्या कपाळावरचा घाम सुकायला मात्र वेळ लागे.

सासूने सुनेला काय द्यावे? कुणी पाटल्या देते, कुणी देव्हाऱ्यातली मूर्ती देते. जाईबाईने तुळसाला ही अकरा नामे दिली. तुळसा तेव्हा चौदा वर्षांची. रत्नागिरीकडून बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरली, त्याला चार दिवस झाले नव्हते. सासूने तिला झोपलेल्या नवऱ्याच्या पायाशी बसवले आणि म्हणाली, "बाय, ह्याचा बापूस असाच गेला. रातपाळी करून आला, इथंच झोपला. मी नळावर गेले. घोरत होता म्हणून निर्धास्त गेले. दोन हंडे भरून आले, तर खोलीत आवाज नाही. मला वाटलं, बरा गाढ झोपला." जाईबाईने झोपलेल्या लेकाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. "थोरला लेक माझा, जगदीश, गावी असाच गेला. बायको शेतावर होती. ह्या घरातले पुरुष झोपेत जातात. म्हणून त्यांनी एकट्यानं झोपायचं नाही. बायको जागी असेल तेव्हाच झोपायचं."

"आणि अकराच का मोजायची?" तुळसाने विचारले.

"माझ्या सासूनं सांगितलं होतं. तेव्हा मी हसले होते."

म्हणून बुधाजीने रातपाळी मागून घेतली होती. बाकीचे कामगार रातपाळीचे नाव काढले की तोंड वाकडे करत. हा मुकादमाच्या विनवण्या करी, की मला दिवसाला घालू नका. कारण दिवसा चाळ जागी असते, उजेड असतो, झोपलेल्याच्या ओठांचा रंग दिसतो. दिवसभर तुळसाबाई जागे, रात्री नवरा गिरणीत गेला की मेल्यासारखी झोपे. तेवढेच सहा-सात तास तिचे कान मोकळे.

तेवीस वर्षे अशी गेली. देवाचे नाम लोक सुखासाठी घेतात, दुःखात घेतात, प्रेमाने घेतात. तुळसाबाईने ते भीतीवाचून एकदाही घेतले नाही. चाळीतल्या भजनात विठ्ठलनामाचा गजर चढे, टाळ टिपेला जात, बायका डोलू लागत, आणि अकराव्या नामाला हिचा हात आपोआप पुढे सरके, कुणाचा तरी अंगठा शोधत. मग ती लाजून हात पदराखाली घेई. सांजवात लावताना रोज म्हणे, "देवा, तुझ्या नामाचं मी माप केलं. हा अपराध पोटात घाल." ज्या नामाने एका माणसाचा श्वास रोज राखला, त्या नामाला अपराध कसला लागायचा? नाम काय फक्त टाळांसाठी असते? पण हे तिला सांगणारे कुणी नव्हते.

मग छप्पन्न साल उजाडले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार, ही वार्ता आली आणि परळ-लालबाग पेटून उठले. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळ्या सुटल्या, संचारबंदी लागली. चाळीखालून मोर्चे जात आणि "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही गर्जना भिंतींना हादरवी. साऱ्या चाळीला त्या आवाजाने स्फुरण चढे. तुळसाबाईच्या मात्र काळजाचे पाणी होई, कारण त्या गर्जनेत नवऱ्याचा श्वास ऐकू येत नसे. ती दार लोटून घेई, वाकून त्याच्या छातीवर तळवा ठेवी आणि तळव्याने मोजत राही. बायका म्हणत, गोळ्यांच्या भयाने नवऱ्याला धरून बसली. गोळी बाहेर होती. ही ज्याला भीत होती ते तळव्याखाली होते.

त्या सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सत्याग्रहाच्या तुकड्या निघू लागल्या. एके संध्याकाळी बुधाजीने टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"साचेखात्यातले बाराजण चाललेत," तो म्हणाला. "फार तर तीन आठवडे आत ठेवतील. मी मागं राहू?"

"राहा कुठं म्हणतेय मी? रात्री अंगठा कोण ओढणार, तेवढं सांगा."

"तुझं आपलं हेच."

"हेच. दुसरं काय आहे माझ्याकडं?"

"अगं, बराकीत शंभर माणसं असतात. कुणीतरी जागं असेलच."

"जागं असून काय करायचं? तो म्हणेल, बरा गाढ झोपला."

आईचे शब्द बायकोच्या तोंडून ऐकून बुधाजी थबकला. मग मान खाली घालून म्हणाला, "बरोबरच्या कोंडीरामला सांगेन. चार माणसांत लाज जाते गं, पण सांगेन."

तो गेला. तुळसाबाई रोज सकाळी नऊ वाजता सवयीने भिंतीशी जाऊन बसे. समोर घडी केलेली रिकामी गोधडी. सुई चाले, पण टाके वाकडे पडत. कोंडीरामला सांगितले असेल का? सांगितले तर तो हसला तर नसेल? हसून विसरला तर? त्या तुरुंगात आत्ता, या घटकेला, कुणी आठ म्हणत असेल का, नऊ म्हणत असेल का, की कुणीच काही म्हणत नसेल? तिला अन्न गोड लागेना.

पाचव्या दिवशी बायकांचा मोर्चा होता. तुळसाबाईची एकुलती लेक कालिंदी त्यात गेली होती. कालिंदी एकोणीस वर्षांची, सातवी फायनलची परीक्षा पास झालेली, बोलायला फटकळ. रूप सगळे बापाचे घेतलेले. तीच आखूड मान, तीच आत गेलेली हनुवटी. पोरगी बापाच्या तोंडावर गेली, नशीब काढणार, असे बायका लहानपणापासून म्हणत. आणि नशीब निघालेही होते. शिवडीच्या एका गोदामात पोत्यांची मोजदाद करणाऱ्या उत्तमशी तिचे लग्न ठरले होते. मुलगा निर्व्यसनी, घरात फक्त त्याची विधवा आई गुणवंतीबाई. वैशाखातली तारीखही धरली होती.

दुपारी दोनला कालिंदी परतली. पाय धुळीने भरलेले, आवाज बसलेला. दोन घास खाल्ले आणि "आई, जरा पाठ टेकते" म्हणत बापाच्या गोधडीवर उताणी पडली. बघता बघता झोपली.

थोड्या वेळाने खोलीत घोरणे सुरू झाले, आणि सांगायला नवल वाटेल, तुळसाबाईला बरे वाटले. पाच दिवस ओसाड पडलेल्या कानांना घर सापडले. सुई सुरळीत चालू लागली, टाके सरळ पडू लागले. आधी हलके, मग खरखरीत. तीच चढण, तीच उतरण.

आणि ते थांबले.

सुई थांबली. ओठ हलू लागले. विठ्ठल, एक. विठ्ठल, दोन. हात सवयीने अंगठ्याकडे निघाला. पाच. सहा. आणि तिच्या ध्यानात आले, की समोर झोपला आहे तो नवरा नाही. पायांत जोडवी नाहीत, पण पाय बाईमाणसाचे आहेत. पोरीची छाती वर उचलली गेली आहे, पोट आत ओढले आहे, तोंड उघडे आहे, आणि वारा नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तुळसाबाईची मोजणी चुकली. सहा झाली की नऊ, काही कळेना. तिने अंगठा धरला आणि अशा जोराने ओढला, की कालिंदी किंचाळून उठून बसली.

"काय करतेस? मोडलास की अंगठा."

"पाल होती," तुळसाबाई म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिने लेकीला काही ना काही निमित्ताने दुपारी झोपवले आणि ऐकले. एकदा सात. एकदा नऊ. एकदा अकरा पुरी. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या राधाबाईकडे गेली. दोन खोल्यांमध्ये नुसती फळ्यांची भिंत होती.

"राधाबाय, खरं सांगा. रात्री आमच्या खोलीतून तुम्हाला काय ऐकू येतं?"

राधाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही. "पोरीचं ना? दोन-तीन वर्षं ऐकतेय. घोरते, मधेच गप होते, मग बुडता माणूस वर यावा तशी श्वास घेते."

"मग मला बोलला नाहीत?"

"अगो, लग्नाच्या पोरीचं घोरणं कोण बोलेल? मला वाटलं, तुला ठाऊक असेल आणि तू झाकतेयस. मग मी पण झाकलं."

लेक एका हाताच्या अंतरावर झोपत होती. आईचे कान तेवढ्याच वेळेपुरते मिटलेले होते. घरातले पुरुष झोपेत जातात, असे सासूने सांगितले. पुरुषांसाठी नेम केला, पुरुषांसाठी रातपाळ्या मागितल्या. मुलींचे कुणी बोलले नाही. मुली लग्न होऊन दुसऱ्या घरी जात, नेम या घरात राही. आणि हे मनात येताच तुळसाबाईला मीराबाई आठवली.

मीराबाई बुधाजीची धाकटी बहीण. ठाकूरद्वारच्या रामजीला दिलेली. रामजी छापखान्यात पुस्तके बांधी. नऊ वर्षांपूर्वी, एकोणतिसाव्या वर्षी, ना ताप ना दुखणे, एका दुपारी मीराबाई झोपली ती उठलीच नाही. बुधाजीने स्मशानात साऱ्यांच्या देखत रामजीच्या थोबाडीत मारली होती. "माझ्या बहिणीला काय केलंस ते बोल." रामजी बोलला नव्हता. त्या दिवसापासून ठाकूरद्वारचे नाव या घरात निघत नसे.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई ट्रामने ठाकूरद्वारला गेली. वाडीतली ती खोली तिला नीट आठवतही नव्हती. रामजी दारातच भेटला. केस पिकलेले, बोटांना खळ लागलेली. तिला पाहून तो एक पाऊल मागे सरला.

"भावोजी, भांडायला नाही आले. एकच विचारायचंय. वन्सं झोपेत घोरायच्या काय?"

रामजीने दार पुरते उघडले. मग पाट मांडला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर बसला.

"घोरायची," तो म्हणाला. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या पाया पडून, शपथ घालून म्हणाली, माहेरी कुणाला कळवू नका, हसतील. मधेच श्वास अडायचा. मी हलवायचो. पहिल्या पहिल्यांदा घाबरायचो, मग सवय झाली. त्या दिवशी मी छापखान्यात होतो."

"स्मशानात का नाही बोललात?"

"काय बोलणार होतो, वहिनी? तिनं शपथ घातली होती. आणि बुधाजीनं मारलं तेव्हा मला बरंच वाटलं. माझंही मन मला तेच विचारत होतं, की तू काय केलंस." त्याने खळ लागलेल्या बोटांकडे पाहिले. "तुम्ही आज का विचारताय?"

तुळसाबाईने सांगितले. अकरा नामे सांगितली, सासऱ्यांचे सांगितले, जगदीशचे सांगितले, कालिंदीचे सांगितले. रामजी ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पांढरा होत गेला.

"म्हणजे तुमच्या घरात हे ठाऊक होतं," तो म्हणाला. "आणि तिला देताना मला कुणी सांगितलं नाही."

"आम्हाला वाटलं, फक्त पुरुषांचं असतं."

रामजी रागावला नाही. तो रागावता तर तिला सोपे गेले असते. तो एवढेच म्हणाला, "मला अंगठ्याचं ठाऊक असतं, तर दुपारी बसवलं असतं कुणाला तरी."

तिथून ती तशीच परळला इस्पितळात गेली. तास-दीड तास रांगेत उभी राहून एका वयस्क डॉक्टरांपुढे बसली आणि मनातले सगळे एका दमात बोलून गेली. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"बाई, घोरणारे रोज येतात. श्वास मोजणारी तुम्ही पहिली," ते म्हणाले. "ह्याला नाव काय, मला ठाऊक नाही. औषधही ठाऊक नाही. पण बापाचं नाक लेकीला येतं, मग बापाचा गळा का येणार नाही? हनुवटी आत असली की झोपेत जीभ मागं पडते. उताणं झोपू देऊ नका. कुशीवर झोपवा. बाकी तुम्ही करता आहात तेच करा."

"पुढं तिच्या पोरांना येईल?"

"येईलही. येणारही नाही. खोटं सांगू का?"

त्या रात्री तुळसाबाईने लेकीला सगळे सांगितले आणि म्हणाली, "शिवडीला जाऊन मी गुणवंतीबाईंना कळवणार."

कालिंदी ताडकन उठली. "माझं घोरणं तू वेशीवर टांगणार? लग्न मोडलं तर? पुन्हा कुणी दारात उभं राहील? लोक म्हणतील, परळची ती पोरगी, रात्री मरते आणि पुन्हा उठते ती."

"म्हणू देत."

"तुला म्हणायला काय जातं? आजवर कुणी सांगितलं असं? बाबांचं सांगितलं होतं कुणी तुला? फसवूनच आणलं ना?"

"फसवलं नाही बाय. चौथ्या दिवशी सांगितलं. पण पायाशी बसवून सांगितलं. तुझ्या पायाशी तिथं कोण बसणार आहे?" तुळसाबाई तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "मीराआत्यानं झाकलं. मी तुझं झाकलं, तर तुझ्या नवऱ्याच्या थोबाडीत मारायला कोण जाईल, तुझा बाप?"

कालिंदी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती झोपली नाही. आईही झोपली नाही. पहाटे कालिंदी म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर."

शिवडीच्या खोलीत गुणवंतीबाई सुकट निवडत बसली होती. तिने घाईघाईने हात धुतले, चहा ठेवला, लग्नातल्या जेवणावळीचे बोलू लागली. तुळसाबाईने तोंड उघडले आणि शब्द येईनात. समोर चहाचा कप निवत गेला. शेवटी कालिंदीच म्हणाली, "आत्याबाई, मी झोपेत घोरते. आणि मधेच माझा श्वास थांबतो, मग अकरा नामं मोजून पायाचा अंगठा ओढावा लागतो. आमच्या घरातली चार माणसं अशीच गेली. आई हे सांगायला आलीय."

मीराआत्या, आजोबा, काका कळले. चौथे कोण, ते तुळसाबाईला क्षणभर उमजले नाही. मग उमजले, की पोरीने स्वतःलाही धरले आहे.

गुणवंतीबाईचा चेहरा काही सांगेना. "विहीणबाई," ती म्हणाली, "लग्न झाल्यावर सांगितलं असतं तर मला काय करता आलं असतं?"

"काहीच नाही."

"मग आत्ता का सांगताय?"

"लग्नानंतर तुम्ही सांभाळलं असतं, पण आधी शिव्या घातल्या असत्या. तेवढ्या दिवसांत पोरगी गेली असती."

गुणवंतीबाई उठली. "मला विचार करू दे," एवढेच म्हणाली, आणि त्यांना पोचवायला दारापर्यंतही आली नाही.

आठ दिवस निरोप नाही. मधल्या काळात बुधाजी सुटून आला. दाढी वाढलेली, अंग उतरलेले, पण जिवंत. कोंडीरामने शब्द पाळला होता. साचेखात्यातल्या बाराजणांनी पाळ्या लावून अंगठा ओढला होता. "अंगठा सुजलाय बघ," तो हसत म्हणाला. तुळसाबाई हसली नाही. तिने त्याला मीराबाईचे सांगितले. बुधाजीने डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवली. मग चपला न घालताच उठला आणि ठाकूरद्वारच्या वाटेने चालू लागला. तिथे दोघांत काय बोलणे झाले, ते त्याने कधी सांगितले नाही. परत आला तेव्हा डोळे लाल होते, एवढेच तुळसाबाईला दिसले.

नवव्या दिवशी दुपारी गुणवंतीबाई परळला आली. दारात उभी राहिली आणि आत पाहून तिथेच खिळली. भिंतीलगत बुधाजी झोपला होता, त्याच्या पलीकडे कालिंदी. दोघांचे पाय एका ओळीत, आणि त्या चार पायांशी तुळसाबाई. बाप घोरत होता, लेक घोरत होती. चढण तीच, उतरण तीच. डोळे मिटून ऐकले, तर कुणाचे कोणते ते सांगता आले नसते.

"बसू?" गुणवंतीबाईने कुजबुजत विचारले.

तुळसाबाईने सरकून जागा दिली. तिला स्वतःच्या भीतीने घेरले होते, कारण आज सकाळपासून एक नवी गोष्ट तिला कळली होती. बाप घोरत असला की लेकीची शांतता त्या आवाजाखाली बुडून जाते. एका माणसाला दोन झोपा राखता येत नाहीत. ती एकदा इकडे पाही, एकदा तिकडे.

ती बुधाजीकडे पाहत असताना गुणवंतीबाईने तिचे मनगट घट्ट धरले. कालिंदीचे ओठ उघडे होते. छाती उचललेली होती. बुधाजीचे घोरणे खोलीभर भरून राहिले होते आणि त्याखाली कालिंदी गप्प होती. तुळसाबाई पुटपुटू लागली. एक. दोन. तीन. चार. पाचवे नाम तोंडातून बाहेर पडण्याआधीच गुणवंतीबाईने झडप घालून पोरीचा अंगठा ओढला. कालिंदीने खोल श्वास घेतला, कूस बदलली.

"अजून सात बाकी होती," तुळसाबाई म्हणाली.

"मला नाही थांबवत तितकं." गुणवंतीबाईने अंगठा अजून सोडला नव्हता. "आणि उद्या हिची पोरं?"

"डॉक्टर म्हणाले, येईलही, येणारही नाही."

"म्हणजे जन्मभर बसायचं."

"हो."

गुणवंतीबाईने पदराने तोंड पुसले. "मी म्हातारी. मी किती वर्षं बसणार? उत्तम खाली उभाय. गेले आठ दिवस माझ्याशी भांडतोय, तारीख मोडायची नाही म्हणून. वर यायला लाजतोय. बोलवा त्याला. बायकांनीच का जागायचं?"

उत्तम वर आला. उंच, सडपातळ, हातात टोपी. झोपलेल्या कालिंदीकडे त्याने नीट पाहिलेही नाही. आईने दाखवले तिथे, पायांपासून हातभर अंतर ठेवून मांडी घालून बसला. तुळसाबाईने त्याला हळू आवाजात सांगितले, काय ऐकायचे, काय पाहायचे, काय मोजायचे. "लग्न होईतो हात लावू नका. नुसतं मोजा."

कालिंदी झोपेत पुन्हा उताणी झाली; उत्तमला ऐकू यावे म्हणून तुळसाबाईने तिला लगेच वळवले नाही. घोरणे सुरू झाले, चढले, आणि थांबले. उत्तमचे ओठ भराभर हलू लागले, गोदामात पोती मोजावीत तसे.

"हळू," तुळसाबाई म्हणाली. "देवाचं नाव आहे."

त्याने मान हलवली आणि पहिल्यापासून मोजायला घेतले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तीन झाली, चार झाली. तुळसाबाईचा हात पोरीच्या अंगठ्याजवळ तयार होता. कालिंदीचा श्वास अजून यायचा होता.